शोकजागृती सप्ताह

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकाच ऑफिसातल्या दोघी बसल्या होत्या. थोरली भलतीच उत्साहात होती.

"आपला शोकजागृती सप्ताह काय रंगला गं! हॉल खच्चून भरला होता."

"ऐकलं, ताई."

"वक्त्या बाई म्हणाल्या, ज्याचं माणूस गेलंय त्याला टाळू नका. लोक अक्षरशः रडले."

"मग मलाच का नाही बोलावलंत? माझा भाऊ गेलाय, हे सगळ्यांना माहीत आहे."

"अगं, तू समोर असतीस तर सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. तुझं दुःख अजून ताजं."

"परवा साहेबांसमोर म्हणालात, सहा महिने झाले, आता सावरायला हवं."

"ते कामाच्या बाबतीत गं!"

"जेवायला माझ्या टेबलावर कुणी बसत नाही."

"तुला एकांत हवा असेल म्हणून. तेही शिकवलंय आम्हाला."

"मला विचारलं कुणी?"

"विचारायचं नसतं. खपली निघते."

तेवढ्यात नर्सने थोरलीला आत बोलावलं. जाता जाता तिने धाकटीच्या हातात एक पत्रक कोंबलं.

"वाच. 'शोकात कुणाला एकटं सोडू नका.' घोषवाक्य माझंच आहे!"

दार लागलं. मला राहवलं नाही.

"कसा होता हो तुमचा भाऊ?"

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वात्रट. माझ्या शाळेच्या बुटात बेडूक ठेवायचा."

"जिवंत?"

"जिवंत! वर मलाच दटावायचा, ओरडू नकोस, तो घाबरतो."

नर्सने तिला हाक मारली, तेव्हा तिच्या गोष्टींतला भाऊ जेमतेम चौथीत पोहोचला होता.

"आधी दुसऱ्या कुणाला घ्या," ती म्हणाली.