दोनशे बारावं नाव

रचना : परत मोजलं आबा. तुमच्या वाचनालयाच्या वहीतली दोनशे बारा सभासदांची नावं मी कॉम्प्युटरमध्ये टाकलीयेत. पण फॉर्मवर एकेक फ्लॅट उघडून मोजलं, की दोनशे अकराच दिसतायत.

आबा : माझंच काहीतरी चुकलं असेल. एखादं नाव दोनदा लिहिलं गेलं असेल.

रचना : तपासलं, नाहीये. आणि तुमचंच कशाला चुकेल? काल यादीत नावांऐवजी नुसते आकडे येत होते, तेव्हाही तुम्ही म्हणालात, माझा चष्मा बदलायला हवा.

आबा : सत्तेचाळीस म्हणजे कोण, मला काही कळेना गं.

रचना : ते माझं चुकलेलं. सभासदाचा नंबर दाखवत होते, नाव जोडायचं राहिलेलं. आता बघा. आधी फ्लॅट निवडायचा, हा तुमचा बी-३०४. की खालच्या यादीत त्या घरातलीच माणसं येतात.

आबा : मी एकटाच आलो. बरोबर आहे.

रचना : मग हे एक नाव अडकलं कुठे? ज्याला फ्लॅटच नाही असं कोणी... हां, सापडलं. रंगूबाई. आडनाव नाही, फ्लॅट नाही. कोण या?

आबा : सी विंगमध्ये सात घरी धुणंभांडी करतात. अकरा वर्षं पुस्तकं नेतात आपल्याकडून.

रचना : अकरा वर्षं! आणि फ्लॅटच्या रकान्यात काय लिहायचात?

आबा : रेघ मारायचो. वहीला चालायचं.

रचना : फॉर्मला नाही चालत. फ्लॅट निवडल्याशिवाय माणसांची यादीच उघडत नाही. त्या आत आहेत, पण दिसणार नाहीत. मग पुस्तक कोणाच्या नावावर द्यायचं? आणि उद्यापासून वही बंद. असं करू, बी-३०४ खाली टाकते त्यांना. फॉर्म तुमच्याशी नातं विचारतोय. पत्नी, मुलगा, मुलगी, भाडेकरू, घरकाम. घरकाम निवडू?

आबा : थांब जरा. माझ्याकडे त्या काम करतच नाहीत. माझी भांडी मी घासतो.

रंगूबाई : आबा, येऊ का आत? तिसरा भाग गावला का?

आबा : या, रंगूबाई. काढून ठेवलाय. पण...

रंगूबाई : पण काय? लिवणाऱ्यानं ती बाई नदीच्या काठाला उभी करून ठेवलीय. आठ दिस झाले, माझं ध्यान तिकडंच हाय. काल कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

रचना : मावशी, कॉम्प्युटरला तुमचं इथलं घर हवंय. आबांच्या घरात तुमचं नाव टाकू का? घरकाम म्हणून?

रंगूबाई : माझं घर हाय की, रुळांच्या पल्याड. आबांच्या घरात कशापायी? सात घरात कामवाली हायेच मी. हितं आबा इचारत्यात, वाचलं का, कसं वाटलं. हितं पन कामवालीच लिवनार असाल तर ऱ्हाऊ द्या तिसरा भाग.

आबा : असं नका म्हणू. रचना, ही फ्लॅटची सक्ती तू का घातलीस?

रचना : मी नाही हो. सेक्रेटरींनी, सुदेशकाकांनी, वाचनालयाची नियमावली दिलेली. पहिलाच नियम. ‘सभासद या सोसायटीतला रहिवासी असावा.’

आबा : तो मी लिहिला.

रचना : काय?

आबा : वीस वर्षांपूर्वी. पुस्तकं बाहेर जाऊन हरवतील अशी भीती वाटली होती. लिहिला मी आणि मोडलाही मीच. दोन्ही वेळा कोणाला विचारलं नाही.

रचना : मग आता विचारा ना. लावू सुदेशकाकांना फोन?

आबा : आत्ता? काय बोलायचं ते आधी लिहून काढू दे.

रंगूबाई : लिवत बसू नका आबा. माझे चारदोन केस अजून काळे हायेत, तेवढ्यात बोलून टाका.

रचना : लागला. घ्या.

आबा : हॅलो, सुदेशराव... नाही, तब्येत ठीक आहे. वाचनालयाचा पहिला नियम... तो माझा चुकला. त्यातून एक माणूस बाहेर राहतंय... हो, रंगूबाईच. तुम्हाला ठाऊक होतं?... बरं... सभेत? मी कशाला, तुम्हीच सांगा ना... बरं. बरं. ठेवतो.

रचना : काय म्हणाले?

आबा : रविवारच्या सभेत मांडा म्हणाले. ज्यानं नियम लिहिला त्यानंच बदलायचा म्हणायला हवं. चारपाच जण कडाडून विरोध करतील, असंही म्हणाले. तोवर पुस्तक द्यायला हरकत नाही.

रचना : मग रविवारपर्यंत ही अट मी काढून ठेवते. फ्लॅट नसलेली नावंही यादीत येऊ देत. झालं. बघा मावशी.

रंगूबाई : (पडद्याशी वाकून) कुठं... हां. रंगूबाई. आन खाली रचना. म्हंजी तू?

रचना : मीच. यादीत माझ्या वर नंबर लागला तुमचा!

रंगूबाई : फुडं काय लिवलंय? घरकाम?

रचना : काही नाही. नुसतं नाव.

आबा : हा घ्या तिसरा भाग. पण रंगूबाई, रविवारनंतरचं मला सांगता येत नाही. वीस वर्षांत मी सभेत एकदाही बोललेलो नाही. उभा राहिलो की शब्दच सापडत नाहीत. माझ्यापायी तुमचं वाचन बंद व्हायचं.

रंगूबाई : मी येऊ का सभेला? दाराशी बसंन, चपलांपाशी.

आबा : दाराशी नको. पुढे बसा, मला दिसाल अशा. समोर एक तरी वाचणारं माणूस असलं, तर बोलेन मी.