देवरेंचा डबा

मंडळी, कल्पनावहिनी,

मला इथे बोलायला उभं केलंय, हेच देवरेंना पटलं नसतं. "नलूताईंच्या हातात माइक देऊ नका, जेवायची सुट्टी संपेल," म्हणाले असते. आज टोकायला ते नाहीत. जमेल तसं बोलते.

नव्या मुलांसाठी सांगते. काचेच्या खोलीतलं ते मोठं मशीन आपल्या सातपूरच्या कारखान्यात तेव्हाही होतं. स्टॉक, चलनं, बिलं, सगळं त्याच्यात. पण आमच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर त्याला थेट जोडलेले नव्हते. मधे एक जुनाट कॉम्प्युटर होता. गेटवे म्हणायचे त्याला. तो सांभाळायचं काम देवरेंचं, म्हणून आम्ही म्हणायचो, देवरेंचा डबा. सगळ्यांनी त्या डब्यातूनच मशीनपर्यंत जायचं. डबा अडकला की माझं डिस्पॅच अडकलं. गाड्या गेटवर उभ्या, ड्रायव्हर माझ्या डोक्यावर, आणि मी फोनवर, "देवरे, या."

आणि ते यायचे. गंगापूर रोडवरून स्कूटर काढून यायचे. जेवणावरून उठून यायचे. अंगात ताप असला तरी यायचे. चिडले नाहीत कधी. चिडायचं काम माझ्याकडे होतं ना.

खंडेनवमीला आपण सगळी मशीन बंद करून पूजा करतो. डबा मात्र बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद केला तर पुन्हा चालू होईल, याची खात्री कोण देणार? म्हणून त्याची पूजा चालूच ठेवून व्हायची. झेंडूची पाकळी पंख्यात जाऊ नये म्हणून देवरे शेजारी खुर्ची टाकून बसायचे. दिवाळीचा माल असायचा, दसऱ्यालाही गाड्या निघायच्या. मग देवरेंचं सटाण्याला आईकडे जाणं राहूनच जायचं. एकदा आईंचा फोन मीच उचलला. मला म्हणाल्या, "काय शे बाई त्या डबामा?" त्या डब्यात असं आहे तरी काय, म्हणून. मी फोन देवरेंच्या हातात दिला.

पुढे डबा काढायचं ठरलं. प्रत्येक टेबलावरून थेट मशीनला नवी जोडणी. तेव्हाचे मॅनेजर हसत म्हणाले, "देवरे, डबा गेला तर तुम्हाला विचारणार कोण?" देवरे म्हणाले, "साहेब, माझ्यावाचून कुणाचं अडू नये, एवढंच बघतोय मी."

एकेक टेबल घेतलं त्यांनी. नवी वायर जोडली तरी जुनी काढायचे नाहीत. समोरच्याने आपणहून "भाऊ, आता काढा" म्हणेपर्यंत थांबायचे. सगळ्यात शेवटी मी राहिले. रोज विचारायचे, "नलूताई, काढू का?" मी म्हणायचे, "उद्या बघू." एका शब्दाने घाई केली नाही. दसरा जवळ आला आणि मीच म्हटलं, "काढा हो. आणि सटाण्याला जा."

त्या खंडेनवमीला देवरेंनी डबा स्वतःच्या हाताने बंद केला. पुसला. हळदकुंकू वाहिलं. झेंडूची चांगली जाडजूड माळ घातली, पंख्यावरूनच. दुसऱ्या दिवशी सटाण्यात आईंनी त्यांना दारातच ओवाळलं. वहिनी, तुम्हीच सांगितलं होतं मला. त्यानंतर एकही दसरा चुकला नाही त्यांचा.

सोमवारी सकाळी देवरे गेले. बातमी आली तेव्हा माझ्या प्रिंटरवर चलन निघत होतं. ते निघतच राहिलं. गाड्या भरल्या, वेळेवर गेटबाहेर पडल्या. कुणाचंही काहीही अडलं नाही. मला राग आला, मंडळी. खूप राग आला. सवयीने हात फोनकडे गेला होता. पण "देवरे, या" म्हणायला त्यांनी काही कारणच ठेवलं नव्हतं.

आत्तासुद्धा कारखान्यातून यंत्रांचा आवाज येतोय, ऐकताय ना? काम आपोआप थांबणार नाही. तशी व्यवस्था ते करून गेलेत. म्हणून आपणच थांबू या. उठा, दोन मिनिटं शांत उभे राहू.

देवरे, ही दोन मिनिटं तुमच्यावाचून आमचं अडलंय.