तिसरी बेडरूम

…हळू बोला ताई, जरा हळू. नाही, आजारीबिजारी नाहीत, आत आमचे हे झोपलेत. हां, याच खोलीत, जी बघायला तुम्ही आलात. म्हणून म्हटलं आधी स्वयंपाकघर बघा, विहीर बघा, मागचं आगर बघा — चार माड आहेत, एक हापूस आहे, वर्षाआड धरतो पण धरतो. तुम्ही खेडच्या ना? इथं कॉलेजात लागलात, हो, हर्षद एजंट बोलला फोनवर. बसा, सरबत घ्या, घरच्या कोकमाचं आहे. खोली काय, उठले की दाखवत्ये. किती वेळ, ते कसं सांगू — काल दोनला आडवे झाले ते दिवेलागणीला उठले.

ही मुळात बेडरूम नव्हतीच. अडगळ. आंब्याच्या रिकाम्या पेट्या, नारळ, बिघडलेला पंप, ह्यांची बोटीवरची ट्रंक. आमचा रितेश असतो डोंबिवलीला, तो गणपतीला आला नि म्हणाला, मम्मी, दोन बेडरूमचं घर लोक बघून जातात, तीन बेडरूमचं घेऊन जातात. मोबाईलवर दाखवलंन पण — कुणी एक बाई अडगळ काढते, रंग देते, पडदा लावते नि घराचा भाव वाढतो. म्हटलं ही एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही? विकायचं तर ठरलेलंच होतं. दोघं म्हातारी इथं, पोरगा तिथं, रोज फोनवर बीपी विचारणार. सून पण म्हणत होती, सानिका, की तिकडेच या. आमची सोय हॉलात — तो सोफा असतो ना, ओढला की पलंग होतो, तसला मुद्दाम आणलाय त्यांनी. चांगली आहेत पोरं, उगाच नावं ठेवू नये. आणि हो म्हटलं ते मीच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तू म्हणशील तसं. बरोबरच आहे, तीस वर्षं बोटीवर, इंजिनात. वर्षातले नऊ महिने तिकडे, घर सगळं मीच बघितलं, त्यांचं मत कशाला असेल?

मग बाबल्या गवंड्याला बोलावला. तो म्हणाला, काकी, चिऱ्याची भिंत आहे, मोठी खिडकी काढली तर छप्पर माझ्या डोक्यावर येईल. म्हणून काढलीन ही एवढीशी, हातभर. रुंदी कमी, डबलचा पलंग काय आत जाईना, म्हणून सुताराने भिंतीला लागून हा चिंचोळा ठोकलान. वर फळी, बाजूला फळी. रितेशला फोटो पाठवला तर वैतागला — मम्मी, ही काय खोली आहे की डबा, ह्यात झोपणार कोण?

झोपणार कोण ते मला त्याच दुपारी कळलं. हे आत गेले पलंग डुगडुगतो का बघायला. आडवे झाले. मी चहा ठेवला, चहा झाला, निवला, परत तापवला, हाक मारली, परत मारली. जाऊन बघत्ये तर भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, गप्प. खरं सांगत्ये ताई, मी स्टीलचं ताट आणून नाकासमोर धरलं. त्याच्यावर वाफ आली तेव्हा खाली बसले.

हसू नका. तुम्हाला ठाऊक नाही. बोटीवरून कायमचे घरी आल्याला नऊ वर्षं झाली आणि नऊ वर्षांत हा माणूस सलग दोन तास झोपला नव्हता. मोठ्या पलंगावर तळमळायचे. उठायचे, कडी बघायचे, पंप बघायचे, पुन्हा यायचे, माझी पण झोप गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून जायफळ उगाळलं. चिडचिड इतकी की एकदा भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. मी तर — आता तुम्ही परक्या, सांगायला हरकत नाही — मी डोंबिवलीला हो म्हटलं ना, ते त्याच्यासाठीच. म्हटलं तिथं चार माणसं असतील, ह्यांच्याबरोबर एकटीनं राहायला नको. आणि ह्यांना पाहिजे होती काय, तर हात लांब केला की लागेल अशी भिंत, नि बोटीवरल्यासारखी गोल नाही तर नाही पण बारकी खिडकी. परवा तर चक्क म्हणाले, भाजी बरी झाल्ये. बोटीवरून सामान नऊ वर्षांपूर्वी आलं हो, माणूस आता आला.

तरी मी रितेशला दिलेल्या शब्दाला जागले. हर्षद फोटो काढायला आला तेव्हा हे झोपलेले, उठवायचं कसं? वरून चादर ओढली. तुम्ही जाहिरातीत बघितलं असेल, पलंगावर उशा रचल्यात असं वाटतं — त्या उशा नाहीत. तुमच्या आधी दोघंजण येऊन गेले. एकांना मी ओल येते म्हणून सांगितलं. दुसऱ्यांना, आता काय लपवू, घोणस निघाली होती म्हटलं. नाही हो, कसली घोणस? तुम्हाला पण तेच सांगणार होते, पण तुम्ही सरबत छान म्हणालात, खोटं बोलवेना.

रितेशला कळलेलं नाही अजून. सांगेन. ओरडेल, दोन दिवस फोन करणार नाही, मग करील. ह्यांना तर काहीच बोलले नाही. ते मनात धरून बसलेत की मे महिन्यात जायचंय. काल झोपायच्या आधी मला विचारतात, तिथल्या सोफ्याला भिंत कुठल्या बाजूला आहे गो? मी काय सांगू? म्हटलं, डाव्या. भिंत नाहीच आहे ताई. एका बाजूला टीव्ही नि दुसऱ्या बाजूला —

थांबा. कडी वाजली.

उठलात? नाही, कोणी नाही, ह्या ताई पत्ता विचारायला आल्यात. कॉलेजात आहेत, चुकल्या. घर? छे, कसलं घर, इथं कुठलंच घर विकायला नाही, तेच सांगत होते त्यांना. तुम्ही तोंड धुवा, चहा टाकत्ये.

रिक्षा समोरून मिळेल ताई. फाटक ओढून घ्या, गुरं शिरतात.