शेवटच्या खोलीतलं वटवाघूळ

...आणि वर हेडविगच मला विचारते, ‘अगं टुवा, अजून ते वटवाघूळ तुझ्या डोक्यातच आहे का?’ आता हिला काय सांगायचं? डोक्यात ठेवलं कुणी? तुम्हाला सांगते, वीस वर्षं, दर नाताळला, हॅम कापता कापता माझी ही थोरली बहीण तीच गोष्ट सांगते. स्वतःच्या लग्नात तर, सगळ्यांची भाषणं संपत आली, मला वाटलं सुटले, तेवढ्यात नवरीच उठली, चमच्यानं ग्लास वाजवला आणि चौऱ्याऐंशी पाहुण्यांना म्हणाली, ‘टुवा दचकली आणि माझं राज्य गेलं.’ लोक पोट धरून हसले. मी ताटातल्या बटाट्याकडे बघत बसले. आता मला सांगा, दचकणं काय माणूस ठरवून करतो?

व्हिडिओ गेम तसा साधा. ‘काळा बुरूज’. एक चौकोनी डोक्याचा कंदीलवाला, त्यानं एकशेबारा खोल्यांतून वर चढायचं, किल्ल्या शोधायच्या, सापळे चुकवायचे आणि माथ्यावरचा मोठा दिवा लावायचा. डावीकडे जा नाहीतर उजवीकडे जा, तिसरी गोष्टच नाही. मला तेव्हाही वाटायचं, किती सुखी आहे हा, आपल्याला तर सकाळी डोळे उघडल्यापासून नुसत्या दिशाच दिशा... पण एक गोम होती. आज इथवर, उद्या पुढे, ही सोय नाही. यंत्र बंद केलं की पुन्हा पहिली खोली. म्हणजे बसलात की पाच तास. हेडविग अकराची, ती खेळणार. मी सहाची, मी चौकटीच्या वहीत नकाशा काढणार. आणि एका शनिवारी आम्ही शेवटच्या खोलीत पोचलो, छतावरून ते वटवाघूळ सुटलं, अख्ख्या पडद्याएवढं, मी किंचाळले, पाय यंत्राला लागला, कॅसेट हलली, पडद्यावर पट्टे पट्टे, आणि मग काळं. हेडविगनं माझी नकाशाची वही मिटली आणि बाहेर निघून गेली. बोलली असती तर परवडलं असतं.

तर आता आई-बाबा छोट्या घरात गेले, यंत्र माझ्याकडे आलं, आणि हेडविगचा फोनवर हुकूम, ‘विकून टाक. तुला त्याची भीतीच वाटते.’ जाहिरात दिली. बेंग्ट नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, शनिवारी दुपारी तीनला येतो. म्हटलं, ठीक. पण त्याआधी मी हा बुरूज चढणार, दिवा लावणार, पडद्याचा फोटो हेडविगला पाठवणार, आणि हिच्या तोंडची ही गोष्ट एकदाची संपवणार. सकाळी साडेनऊला बसले. यंत्र उंच कपाटावर, पायाच्या टप्प्याबाहेर. फोन दुसऱ्या टोकाला, कारण फोन वाजला तरी मी उडते. टोस्टरमधून पाव वर आला तरी उडते. दचकणं काय माणूस ठरवून करतो?

पावणेतीनला शेवटची खोली आली. मी खेळ थांबवला, जरा श्वास घ्यावा म्हणून खिडकीत गेले, तर खाली एक गृहस्थ, बेंग्टच असणार. उणे बारा तापमानात सायकलींच्या शेडभोवती फेऱ्या घालतायत. तीनला ठरलं ना, मग आधी कसे वर येतील? एक माणूस खाली गोठतोय आणि मी वर कंदील नाचवतेय, हे कसं जमायचं? मी खिडकी उघडली.

‘अहो, या ना वर.’

‘नको नको, तीनला ठरलंय.’

‘थंडी आहे हो.’

‘छे, कोरडी आहे, लागत नाही.’

बरोबर तीनला घंटा वाजली. माहीत होतं वाजणार, तरी मी दचकले. बेंग्ट बूट काढून मोज्यांवर आले, सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. मी कॉफी दिली, दालचिनीचा बन दिला, म्हटलं, एवढं संपवू का? ‘खेळा ना, मला घाई नाही.’ मी खेळले. वटवाघूळ आलं, मी उडाले, कंदीलवाला मेला. तीन जिवांतला एक गेला. बेंग्टनी घसा खाकरला. दुसऱ्यांदा आलं, या वेळी मी उलटी पळाले, दुसरा गेला. बेंग्टनी पुन्हा खाकरला, बशीतला चुरा बोटानं टिपला.

‘काही म्हणायचंय का तुम्हाला?’

‘नाही, नाही. तुमचा खेळ आहे.’

‘अहो, म्हणा हो.’

‘म्हणजे... मला मध्ये पडायचं नाही. पण पळू नये तिथं. मारू पण नये. नुसतं उभं राहायचं, दहा मोजेपर्यंत. ते येतं, बघतं आणि जातं.’

वीस वर्षं. हा माणूस आमच्याच गावात, ओस्टरसुंडमध्येच राहतो, माझ्यापासून बसचे दोन स्टॉप पलीकडे. आम्ही कधी कुणाला विचारलं नाही, कारण उगाच कुणाला त्रास कशाला, आणि यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि उपाय काय, तर काहीच करायचं नाही. हे सांगतायत कुणाला, तर मला. जी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत गप्प उभी राहू शकत नाही.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. हातांवर बसले, अक्षरशः. वटवाघूळ सुटलं. बेंग्ट कुजबुजत मोजू लागले, एक... दोन... ते चेहऱ्याएवढं, भिंतीएवढं झालं, माझे गुडघे आपोआप वर यायला लागले, सात... आठ... मला वाटलं आता कपाटावर चढते की काय... दहा. आणि ते गेलं. चक्क वर निघून गेलं. मी हात सोडवले, कंदीलवाल्याला चार पावलं उजवीकडे नेलं आणि दिवा लावला.

काय सांगू तुम्हाला. बुरुजाच्या खिडक्या एकेक करून उजळल्या, एकशेबारा. बेंग्टनी कप खाली ठेवला. माझ्या हातात कंट्रोलर तसाच, हलायचं भानच नाही. बघत राहिले, बघत राहिले, आणि पडदा पुसला जाऊन पुन्हा पहिली खोली आली.

‘अहो, फोटो राहिला.’

‘हो, बारा सेकंदच राहतं ते.’

‘सांगायचं नाही का?’

‘तुम्ही इतक्या मन लावून बघत होतात. मध्ये कसं बोलणार?’

बेंग्टनी पैसे दिले, यंत्र खोक्यात भरलं, आणि मी हेडविगला फोन लावला. जिंकले, म्हटलं. ती म्हणाली, ‘फोटो?’ म्हटलं, फोटो नाही. ‘असं,’ म्हणाली. तिचं ते ‘असं’ तुम्ही ऐकायला हवं होतं. म्हटलं, थांब, इथे एक गृहस्थ आहेत, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आणि फोन बेंग्टपुढे धरला. ते दोन पावलं मागे सरले, बूट चढवले, यंत्राचं खोकं छातीशी धरलं.

‘माफ करा हं,’ एवढ्या हळू म्हणाले की फोनमध्ये गेलंच नाही, ‘पण बहिणी-बहिणींच्या मध्ये मी कशाला पडू?’

आणि गेले. अख्ख्या जगात मला एकच साक्षीदार मिळाला, तोही इतका सभ्य.