ला पोर्त कोण?

हॅलो?... कोण, ताई?... हो, मीच. जरा हळू बोलतेय... अगं, बाबांचा आत्ताच डोळा लागलाय...

जेवले. अर्धं सूप त्यांच्या पोटात, अर्धं माझ्या अंगावर...

काय?... कोणी सांगितलं, भावोजींनी?... हो, शिकतेय. फ्रेंच... हस, हस, हसून घे... परदेशी कुठली जातेय गं! कोपऱ्यावर औषधं आणायला जायचं तर शेजारच्या काकूंच्या हातापाया पडावं लागतं... फोनवरच असतो वर्ग, दुपारी ते झोपले की...

हो, लोक नोकरीसाठी शिकतात, फिरायला जाण्यासाठी शिकतात. वर्गातली एक मुलगी म्हणाली, ऐकायला गोड लागते म्हणून शिकते. बाईंनी मला विचारलं, तुम्ही का? मी म्हटलं, घरात वडील बोलतात, दुसरं काही बोलतच नाहीत...

नाही, बरळत नाहीत... ताई, बरळत नाहीत ते! पहिले डॉक्टर म्हणाले तसं. पण या नवीन डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, अहो, हे फ्रेंच आहे. मेंदूला झटका आला त्यात मराठी पुसली गेली, ही राहिली... होतं म्हणे असं... अगं, उभी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये फ्रेंच लोकांबरोबर गेली ना... हो, घरी एक शब्द कधी काढला नाही. आपण तरी कुठे विचारलं?

कशाला शिकायची? सांगते. 'साफ, साफ' करायचे, आठवतंय?... हो ना, तू आली होतीस तेव्हा तूच म्हणालीस, बाबांना पहिल्यापासून टापटिपीची आवड. लगेच गरम पाणी, टॉवेल... ते हात झटकत होते, तू म्हणालीस, लाजतायत... ताई, ते 'साफ' नव्हतं. 'स्वाफ'. म्हणजे तहान... तहान, ताई. त्यांना पाणी प्यायचं होतं आणि आपण त्यांचं अंग पुसत होतो...

हॅलो?... आहेस ना?... रडू नकोस गं. मीही तेच करत होते, रोज दोन वेळा...

आणि बाबा सारखं जिचं नाव घेतात ती 'ला पोर्त'... हो, तीच! तुझी बंदरावरची सवत... बरं, आईची सवत! किती बोललीस त्या बिचारीला. आईच्या फोटोसमोर सुद्धा नाव घेऊ देत नव्हतीस... कोणी नाही गं ती. ला पोर्त म्हणजे दार. नुसतं दार...

मलाही आलं हसू. पण मग कळलं, दार उघडा म्हणतायत, आणि मी कुलूप लावून बसलेय. काय करू? एकदा बाबा पायजम्यावर चौकापर्यंत गेले होते. किल्ली मी गळ्यात घालते, झोपताना सुद्धा... दुकानात? नाही जात. चष्म्यांच्या काउंटरवर त्यांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. किती दिवस थांबणार ते तरी...

सोमवारचं ना? हो, बाबांना न्यायच्या गाडीचं ठरलंय, माहितीय. भावोजींनी त्या सेवाकेंद्राशी बोलणं केलंय, मीच हो म्हटलंय... नाही, तू जबरदस्ती केली नाहीस. मी अगदी आनंदाने हो म्हटलं. खरं सांगू, त्या रात्री मी बिछान्यात आडवी पडून पाय ताणले आणि वाटलं, सुटले...

मग आता काय म्हणजे?... सांगते ना, ऐक तरी! आज सकाळी मी मुद्दाम बाईंना फोन लावला होता. बाबा खिडकीशी खुर्चीत. मी त्यांना विचारलं, फ्रेंचमध्ये, अडखळत, की तुम्हाला काय हवंय? पहिल्यांदाच अख्खं वाक्य जमलं मला. तर ते वळले... आणि बोलायलाच लागले गं. किती तरी वेळ. माझ्याकडे बोट, दाराकडे बोट. मला कळलं फक्त 'पोर्त'. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. मग बाईंना विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, नंतर सांगते. म्हटलं, बाई, सांगा ना...

ते म्हणाले... थांब, पाणी पिते... ते म्हणाले, 'ही बाई चांगली आहे. तिला माझ्याबरोबर इथे कोंडून ठेवलंय. तिच्या घरी कोणी वाट बघत असेल. दार उघडा, तिला जाऊ द्या.'

...

हो. मला. मी कोण ते ठाऊक नाही त्यांना... नाही, बाई खोटं कशाला सांगतील?

उलट म्हणतेस? त्यांनीच मोकळं केलं?... असं मोकळं होतं का गं माणूस? काल पाठवलं असतं मी. त्यांची बॅगसुद्धा भरली होती. आज त्यांनीच मला सोडा म्हटल्यावर माझा पाय कसा निघेल?... अडकले ना मी! आधी कुलपाने अडकले होते, आता...

तिथे कोणाला येते फ्रेंच?... मग? तहान लागली की तेही पुसत बसणार...

नाही, सोमवारची गाडी नको. सांग भावोजींना... चिडू देत... ताई, तुझे गुडघे, तुझा नातू, सगळं मान्य. पण तू ये. सेवाकेंद्र नको, तू ये... 'बघते' नको म्हणूस. 'बघते' म्हणजे काय ते मला मराठीतसुद्धा कळतं...

खरंच?... तीन दिवस?... तीन तर तीन.

पाण्याला? 'ओ'. नुसतं ओ. आपण हाकेला देतो ना, तसं... हो, कितीदा म्हणाले असतील, आणि आपण म्हटलं, हाक कोणी मारली?... लिहून कशाला घेतेस, एवढंसं तर आहे...

मी? तीन दिवस मी... कुठे जाऊ?... नाही, मैत्रीण नाही आता तशी... सिनेमाला? एकटी?... खरंच सुचत नाहीये गं. दाराबाहेर पडेन, एवढं कळतंय. पुढे डावीकडे की उजवीकडे...

थांब, थांब... उठले वाटतं. खुर्ची सरकली... हो, तेच. दार वाजवतायत... आले बाबा, आले!... छे, असं कसं कळेल त्यांना... झारीव, पापा! झारीव!... अगं, 'आले' म्हणतेय त्यांना. ठेवते.