बेडकाने दिलेली गोड बातमी

तुझी गोड बातमी कधी बेडकाने दिलीय का गं? माझी दिली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आम्ही मुलुंडला राहायचो. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता आणि तेव्हा कुठे दिवस गेल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. दिवस गेले असतील तर तिच्यातल्या हार्मोनमुळे त्याचे शुक्रजंतू बाहेर पडतात. माझ्याकडचे बेडूक संपलेत, तुम्हीच एक आणा."

यांनी विहिरीवरून आणला. डॉक्टर हसले, "अहो, ही मादी! नराला पाठीवरून धरलं की तो ओरडतो."

संध्याकाळी हे पुन्हा विहिरीवर, मागे कंदील घेऊन सासूबाई. बरेच बेडूक धरले, सगळे गप्प. मग एकाला नुसता हात लावला, तर त्याने वाडी डोक्यावर घेतली.

"हाच!" सासूबाई म्हणाल्या. "काही झालं नाही तरी ओरडतोय. पुरुषच आहे."

"आई!" हे ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बेडकाने होकार दिला आणि सासूबाईंनी पहिला पेढा विहिरीच्या काठावर ठेवला.