काचेवरची ताई

नाही नाही काका, नवीन कशाला घेता? रबर चांगलं आहे, नुसतं दबून दबून चपटं झालंय — फ्रिजचं दार नीट लागत नाही म्हणून लोक अख्खा फ्रिज बदलायला निघतात! बसा त्या स्टुलावर. डुगडुगतं, पण अजून कुणाला पाडलेलं नाही. मी घरी कामं घेते हे कुणी सांगितलं म्हणालात? — बरं, असेल कुणी. तर ही हीट गन, गरम वारा फेकते. लोकांना वाटतं, जुना रंग काढायलाच असते. अहो, माझं अर्धं घर हिच्यावर चालतं! गंजून बसलेला नट — जरा ऊब दिली की मुकाट्यानं फिरतो. बरणीचं घट्ट झाकण, वाकडी झालेली बादली, कपाटाच्या फळीला चिकटलेला जुना कागद — सगळं. नियम एकच, हात थांबवायचा नाही. लांबून, फिरवत फिरवत. जवळ धरून रेंगाळलात की वस्तू कामातून गेली. हे मी धाकट्याला शंभरदा सांगितलं असेल. धाकटा म्हणजे माझा भाऊ हो. चौकातलं दुरुस्तीचं दुकान त्याचंच. म्हणजे आमचंच. होतं.

आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. त्याला वाढवला मी, पाना हातात दिला मी. दुकान काढलं तेव्हा काचेच्या दारावर लाल स्टिकरची अक्षरं लावली — ‘ताई-भाऊ दुरुस्ती केंद्र’. ‘ताई’ आधी हं, ते त्याचंच म्हणणं होतं तेव्हा. आणि एक दिवस सकाळी जाऊन बघते तर दारावर नुसतं ‘भाऊ दुरुस्ती केंद्र’. मधली रेघसुद्धा नाही! म्हटलं, काय रे हे? तर म्हणतो, टवाळ पोरं असतील, ताई. वर शेजारच्या न्हाव्याकडे जाऊन विचारून आला, कुणाला पाहिलंस का म्हणून — माझ्यादेखत! मी वेडी, मीही त्या पोरांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग काच पुसायला घेतली, हात फिरवला — गुळगुळीत. ओरखडा नाही, चिकटा नाही. टवाळ पोरं काय करतात? ब्लेडनं ओरबाडतात, अर्धं ठेवून पळतात. इथे कुणीतरी कडेपासून ऊब देत, तिरकं ओढत, एकेक अक्षर सोडवलं होतं — वर तेलाचं फडकं, मग साबणाचं पाणी. ती माझी पद्धत आहे, काका. ती मी एकालाच शिकवलीय.

का काढलं? त्याच्या सासरची माणसं यायची होती दुकान बघायला. जावई बहिणीच्या हाताखाली काम करतो असं दिसायला नको — एवढंच. एवढंच हो! मला म्हणाला असता ना, तर मीच गन धरली असती, त्याला फडकं धरायला लावलं असतं. नाव काय, स्टिकरच तो. पण माझ्यासमोर न्हाव्याला विचारायला गेला, ते डोक्यातून जात नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि खरं सांगू? त्याला धीर म्हणून कधी नव्हताच. गन नेहमी जवळ धरायचा, कोपरे जाळायचा, किती बादल्यांना भोकं पाडली. जन्मात एकदाच त्यानं सावकाश, मन लावून काम केलं — माझं नाव काढताना. त्या दिवशी गन पिशवीत घातली आणि आले घरी. माझीच होती ती.  

हे बघा, कसं फुगून आलं रबर — थांबा. हा टोकाचा कोपरा काळा कशानं? घरी मेणबत्ती लावून पाहिली म्हणता? खोटं बोलता येत नाही तुम्हाला, काका. मेणबत्तीची काजळी पुसली की जाते, हे तर वितळून चकाकतंय. गन जवळ धरलीय कुणीतरी, आणि रेंगाळलंय. नवीन घेतली वाटतं त्यानं? — मान खाली घालू नका हो, तुमचा काय दोष! आधी चौकात गेला होतात. त्यानं बिघडवलं आणि इकडे पाठवलं, आणि त्याचं नाव घेऊ नका म्हणाला. हो ना? — काय? काय म्हणाला? ‘हे ताईलाच जमेल’?

आणि मी कशी आहे ते बघून या म्हणाला.

हं.

घ्या तुमचं रबर. खोबणीत नीट बसवा, मग दारात एक कागद धरून दार लावा — कागद सहज निघाला नाही की झालं काम. कोपरा तेवढा काळाच राहील, तो माझ्याच्यानंही नाही जायचा. जाताना त्याच दुकानावरून जाणार ना? तो बाहेर येईल, माहीत असून कुणी केलं म्हणून विचारेल. बरी आहे म्हणून सांगा — नको, ते नको. त्याला म्हणावं, टवाळ पोरं असतील. जा आता. दार ओढून घ्या.